थोरल्याच्या नावावरची एकवीस वर्षं

धाकट्यानं पहिला मार कधी खाल्ला ते त्यालाच आठवत नाही. त्या घरात मार सकाळच्या चहासारखा वेळेवर मिळायचा. बाप कमरेचा पट्टा काढून मारायचा, आणि मारून दमला की पट्टा खिळ्याला टांगून जेवायला बसायचा. बाप मेला तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता आणि थोरला सोळा. पट्टा काही बापाबरोबर गेला नाही, तो थोरल्याच्या हातात आला. एक मात्र होतं, धाकट्याला मारायचा हक्क थोरल्यानं दुसऱ्या कुणाला दिला नाही. शाळेत एका दांडगट पोरानं धाकट्याचं दप्तर गटारात फेकलं, तर थोरल्यानं त्या पोराचं डोकं गटाराच्या काठावर आपटलं, चार टाके पडले. मग घरी येऊन, तुला साधं दप्तर सांभाळता येत नाही का रे, म्हणून धाकट्यालाही बुकलून काढलं. असला सगळा न्याय. आई मधे पडायची, तिलाही एखादी बसायची, आणि थोड्याच वर्षांत ती बिचारी सुटली.

सव्विसाव्या वर्षी थोरला घणाच्या कारखान्यात चिकटला. तिथे भट्टीतून लालबुंद लोखंडी ठोकळे सांडशीनं ओढून काढायचे, ऐरणीवर धरायचे, आणि वरून घराएवढा उंच वाफेचा घण दाणकन आदळायचा. अशा वीस-पंचवीस ठोक्यांत ठोकळ्याचा दांडा व्हायचा. नोकरी कायम झाली, गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला आला, पेन्शन फंडात नाव लागलं. आता माणसानं सुखानं राहावं की नाही? पण नाही. तीन आठवड्यांच्या आत या शहाण्यानं पेट्रोल पंपावर, रांगेत कोण आधी यावरून, एका माणसाच्या तोंडावर लोखंडी पान्हा घातला. त्या माणसाचा एक डोळा गेला आणि थोरला तीन वर्षांसाठी आत गेला.

त्या कारखान्याची एक रीत होती. बिल्ला रिकामा ठेवायचा नाही. कुणी आजारी पडला, कुणी गावाला गेला, कुणाला पोलिसांनी उचललं, तर त्याच्या घरातला दुसरा कुणीतरी तोच बिल्ला गळ्यात घालून फाटकातून आत यायचा. आठ दिवस बिल्ला फाटकावर दिसला नाही की नोकरी गेली, असा नियम होता, आणि नियमाला तोंड द्यायचं तर बिल्ला चालता ठेवायचा. टकल्या मुकादमाला हे सगळं ठाऊक होतं. पण घणापुढे उभं राहायला माणसं मिळतात कुठे? तो डोळ्यांवर कातडं ओढून घ्यायचा. बिल्ल्यावर फोटो असायचा खरा, पण भट्टीपाशी आठ दिवस लटकलेल्या फोटोत माणूस आहे की माकड, ते काढणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

धाकटा तेव्हा बावीस वर्षांचा, एका छापखान्यात कागद कापायचा. काम हलकं, मालक गरीब स्वभावाचा, पोरगा खूश होता. तो तुरुंगात थोरल्याला भेटायला गेला. जाळीपलीकडून थोरल्यानं ख्यालीखुशाली विचारली नाही की काही नाही.

"उद्यापासून माझा बिल्ला घाल," तो म्हणाला. "नाही घातलास तर बाहेर आल्यावर तुझे पाय मोडीन."

तो बोलेल तसं करतो हे धाकट्याला चांगलं माहीत होतं. त्यानं बिल्ला घातला.

पहिल्याच महिन्यात त्याच्या समोरच्या सांडशीवाल्याचा हात घणाखाली गेला. माणूस ओरडलासुद्धा नाही. कोपरापासून खाली जे काही होतं ते ऐरणीवर सपाट झालं, आणि तापल्या लोखंडावर मांस चरचरल्याचा वास दोन दिवस शेडमधून गेला नाही. धाकटा बाहेर जाऊन भडभडून ओकला. मुकादमानं त्याला पाणी दिलं, पाठीवर थाप मारली आणि त्याच सांडशीला उभं केलं. वर्षभरात एक ठोकळा ठोक्यासरशी उडून त्याच्या मानेला चाटून गेला, तिथली कातडी आजही चुरगळलेल्या कागदासारखी आहे. पण हात बसला. असा बसला की घण चालवणारे हाच समोर पाहिजे म्हणून भांडायला लागले. ठोकळा कुठे फिरवायचा, कधी उलटा करायचा, ठोका कुठे घ्यायचा, हे त्याच्या मनगटाला डोक्याच्या आधी कळायचं. शेडमध्ये सगळे त्याला थोरल्याच्याच नावानं हाक मारायचे. आधी कानाला टोचायचं, मग टोचेनासं झालं.

तीन वर्षांनी थोरला सुटून आला आणि आपला बिल्ला आपण घालून एक दिवस कामावर गेला. जेवायच्या सुट्टीपर्यंत त्यानं भट्टीवाल्याची कॉलर धरून त्याचं तोंड भट्टीच्या दाराजवळ नेलं होतं. भुवया जळल्या त्या माणसाच्या. चौघांनी ओढून काढलं. मुकादमानं धाकट्याला घरी गाठून सांगितलं, बाबा रे, हे ध्यान मला नको, उद्यापासून तूच ये. थोरल्यानंही हरकत घेतली नाही. तो घण त्याला भारी पडला होता, पण कबूल करेल तर तो थोरला कसला! त्यानंतर तो कधी दारूच्या गुत्त्यावर राखणीला उभा राहायचा, कधी कुणाच्या हप्ते थकलेल्या गाड्या ओढून आणायचा, आणि बाकी वेळ धाकट्याच्या घरात पुढच्या खोलीत पडून असायचा. हात सैल तो सैलच. टीव्हीचा आवाज मोठा झाला म्हणून, दार आपटलं म्हणून, काहीच झालं नाही म्हणूनसुद्धा धाकट्याच्या कानाखाली आवाज निघायचा. आणि दिवसभर लोखंडाला वाकवणारा हा गडी, घरी आला की मान खाली घालून मार खायचा. लहानपणापासूनची सवय, दुसरं काय.

धाकट्याची बायको मात्र निराळ्या मातीची. लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं थोरल्याला बजावलं, की भाऊजी, तुमच्या भावाला मारता ते मला दिसतं, ते बोलत नाहीत तर मी काय बोलू. पण माझ्या अंगाला बोट लावलंत तर तुम्ही झोपलेले असताना उकळतं पाणी ओतीन. थोरला तिच्याकडे बघत राहिला आणि मोठ्यानं हसला. तिला त्यानं इतक्या वर्षांत कधी हात लावला नाही.

बिल्ला घातल्यापासून अशी एकवीस वर्षं गेली. मग परदेशातली एक कंपनी घणावरची माणसं शोधत आली. त्यांनी कागद बघितले नाहीत, हात बघितले. धाकट्याला एक ठोकळा दिला आणि तो दांडा करून ठेवीपर्यंत घड्याळ लावून उभे राहिले. संध्याकाळी त्याला नोकरी मिळाली. पासपोर्ट त्यानं आपल्या खऱ्या नावानं काढला, दुसऱ्या कुठल्या नावानं काढणार? तिकडच्या माणसानं त्याला एक गोष्ट नीट समजावून सांगितली. त्यांच्याकडे पंचवीस वर्षांची नोकरी झाली की पेन्शन मिळते, आणि दोन्ही देशांचा करार असल्यामुळे इथली वर्षं तिकडे धरतात. फंडाच्या ऑफिसातून बदलीचा कागद तेवढा आणायचा. म्हणजे एकवीस इथली आणि चार तिकडची. धाकट्याला तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती. एका कानानं ऐकू येत नव्हतं, पाठ सकाळी अर्धा तास सरळ होत नव्हती. घणापुढे पन्नाशी ओलांडलेला माणूस त्यानं तरी पाहिला नव्हता. चार वर्षं तो ओढून काढणार होता. पंचवीस काढायची म्हटली तर त्याला तिथूनच उचलून आणावं लागलं असतं.

तो फंडाच्या ऑफिसात गेला तो अगदी ऐटीत. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. आणि इथे त्याच्यासारखाच माणूस करू शकेल अशी चूक त्यानं केली. खिडकीतल्या मॅडमपुढे त्यानं एका हातानं पासपोर्ट ठेवला आणि दुसऱ्या हातानं बिल्ला. त्याला यात काही चुकतंय हे सुचलंच नाही! एकवीस वर्षं गळ्यात असलेली वस्तू, ती आपली नाही असं कुणाच्या मनात येईल? मॅडमनी एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे बघितलं, आणि ही दोन नावं कुणाची, असं विचारलं.

"दोन्ही मीच की," धाकटा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मॅडम काही वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला आत बोलावलं, दार लावलं, सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याला दोनच वाटा सांगितल्या. भावाच्या नावानं तो आपणहून फाटकातून आत शिरला असेल तर ती फसवणूक झाली, आणि एकवीसच्या एकवीस वर्षं रद्द. पण बिल्लेवाल्यानं त्याला धमकावून, जबरदस्तीनं कामावर पाठवलं असेल, आणि बिल्लेवाला स्वतः इथे येऊन तसं लिहून देईल, तर वर्षं ज्यानं काम केलं त्याची. बिल्लेवाल्यावर मात्र खटला होईल. आधी एक शिक्षा भोगलेली असेल तर तुरुंग चुकणार नाही. तिकडच्या कंपनीची मुदत येत्या शुक्रवारपर्यंत होती आणि तो दिवस होता शनिवार.

खरं काय होतं ते धाकट्याला ठाऊक होतं. जाळीपलीकडचं ते वाक्य त्याच्या कानात आजही जसंच्या तसं होतं. फक्त ते थोरल्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायला हवं होतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं विषय काढला. थोरला पलंगावर आडवा पडून दात कोरत होता. धाकट्यानं सगळं सांगितलं, हात जोडून सांगितलं, चाळीस वर्षांत काही मागितलं नाही दादा, हे एवढं दे, म्हणाला. थोरला आधी हसला. मग उठून बसला. म्हणाला, पेन्शन माझ्या नावावर आहे, साठाव्या वर्षी ती मला मिळणार आहे, आणि मला दुसरं आहेच काय? तुझ्यासाठी मी पुन्हा आत जाऊ? आतली तीन वर्षं काय असतात ते तुला सांगू का? तू माझ्या बिल्ल्यावर एकवीस वर्षं पोट भरलंस, आता वर माझ्याच नावाची बोंब मारतोस, चोराच्या उलट्या बोंबा. आणि सवयीप्रमाणे त्यानं एक ठेवून दिली. धाकट्याचा ऐकू येणारा कान सुन्न झाला. दुसरी बसली तेव्हा ओठ फुटला. तिसरीला बायको मधे आली, आणि थोरल्यानं तिला ढकललं. तिचं कपाळ कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि भुवईवरून रक्ताचा ओघळ डोळ्यात उतरला.

पुढे काय झालं ते धाकट्याला नंतर तुकड्यातुकड्यांनी आठवलं. कोपऱ्यात पाण्याचा नळ दुरुस्त करायला आणलेला लोखंडी पाइप होता, तो हातात कसा आला ते आठवत नाही. पहिला ठोका थोरल्याच्या बरगडीवर बसला आणि आतून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. थोरला गुरासारखा हंबरला आणि अंगावर आला. त्यानं धाकट्याचा गळा धरला, अंगठे नरड्यात रुतवले, धाकट्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. दोघे टेबलासकट आडवे झाले. काचा फुटल्या, काचांवर लोळले. धाकट्यानं डोक्यानं धडक दिली, थोरल्याच्या नाकाचं हाड सरकलं, गरम रक्त दोघांच्या तोंडावर उडालं. थोरल्यानं सावरायला उजवा हात टेकला, आणि टेकलेला तो हात धाकट्याला दिसला, ऐरणीवर ठोकळा दिसावा तसा. मनगट आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध. त्यानं पाइप वर नेला आणि मारला. परत वर नेला आणि मारला. दोन्ही ठोके एकाच जागी. हात नको तिथे वाकला.

तिसरा ठोका डोक्यावर पडणार होता. बायकोनं बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर फेकलं आणि पाइपला लोंबकळली. "मेला ना तो तर तुम्हीही संपलात," ती म्हणाली, आणि तेव्हा धाकट्याची मूठ सुटली.

थोरल्यानं तुटका दात थुंकला. मोडलेल्या हाताकडे तो बराच वेळ बघत बसला, जसं काही तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग भिंतीला धरून उठला, डाव्या हातानं उजवा पोटाशी धरला आणि जिना उतरून गेला. पायऱ्यांवर खालपर्यंत रक्त होतं. ते धाकट्यानंच पुसलं, आणि पुसताना तो रडला. भीतीनं रडला की दुःखानं, ते त्याला सांगता आलं नसतं. भावाला मोडताना एका क्षणी आपल्याला बरं वाटलं होतं, याची त्याला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

आता पोलीस येणार, हे दोघांनीही धरून ठेवलं. पोलिसांत एक तक्रार गेली की तिकडचा व्हिसा रद्द, पेन्शन तर राहोच, नोकरीही गेली. सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी जिन्यात पावलं वाजली, तो गॅसवाला होता. बायको कपाळाला पट्टी बांधून कामावर जात होती, विचारणाऱ्याला दार लागलं म्हणून सांगत होती. बुधवारी धाकटा दवाखान्यात जाऊन आला. थोरल्यानं त्याला भेटायला नकार दिला होता. नर्सनं एवढंच सांगितलं की पेशंटनं दोनदा कागद मागवून घेतलाय. तक्रार लिहीत असेल, धाकटा मनाशी म्हणाला. लिहू दे. आपण मारलं ते मारलं. त्यानं भरून ठेवलेली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.

शुक्रवारी सकाळी मॅडमचा फोन आला, ताबडतोब या म्हणाल्या. तो गेला तर त्यांच्या टेबलापुढच्या खुर्चीवर थोरला बसलेला. हात प्लॅस्टरमध्ये, नाक सुजून बटाट्याएवढं, दोन्ही डोळे काळेनिळे. धाकट्याचे पाय दारातच थबकले. मॅडमनी त्याला बसायला सांगितलं आणि पुढ्यातला कागद वाचून दाखवला. डाव्या हातानं लिहिलेला, वेडावाकडा, पण सगळं त्यात होतं. तुरुंगाची जाळी, उद्यापासून बिल्ला घाल, पाय मोडीन. मी सुरुवातीचे थोडे दिवस आणि सुटल्यावर एक दिवस काम केलं, बाकी सगळं यानं केलं, माझ्या धाकानं केलं. खाली सही.

मॅडम म्हणाल्या की नुसत्या जबाबावर भागत नाही, कारखान्यात काम यानंच केलं याला काहीतरी आधार लागतो. मुकादम तर वारला. थोरल्यानं काखेतलं मोठं पाकीट टेबलावर ठेवलं आणि आतून एक्स-रे काढून खिडकीच्या उजेडात धरला.

"हे बघा," तो म्हणाला. "दोन हाडं, एका रेषेत, दोन ठोक्यांत. डॉक्टर म्हणाले, मशीनमध्ये सापडला का? मी जन्मभर माणसं मारली मॅडम, पण मला असं मारता येत नाही. हा घणावरचा हात आहे."

मॅडम एक्स-रेकडे बघत राहिल्या, मग धाकट्याच्या मनगटांकडे, त्याच्या मानेवरच्या जळलेल्या कातडीकडे. त्यांनी विचारलं, मग ही मारहाण कुणी केली? थोरला शांतपणे म्हणाला, मारहाण कसली, दवाखान्याच्या कागदावर जिन्यावरून पडला असं लिहिलंय, तुम्हीही तेच धरा. मॅडमनी थोडा विचार केला. मग एक्स-रे पाकिटात घालून त्याला परत दिला आणि जबाबावर शिक्का मारला. या बिल्लेवाल्याची मान भाजल्याची कारखान्यात नोंद असेल, ती मागवते, डाग तर यांच्याच मानेवर आहे, तेवढ्यावर होईल, म्हणाल्या. एवढा जबाब आल्यावर पोलिसांना कळवणं त्यांना भागच होतं, आणि त्यांनी ते सकाळीच कळवलं होतं. थोरल्यानंच त्यांना तसं सांगितलं होतं, एकदाच काय ते उरका म्हणून.

धाकट्यानं टेबलावरचा तो कागद उचलून पुन्हा वाचला. मग म्हणाला, की दादा, मी मारलं म्हणून भिऊन लिहून दिलंस का? थोरल्याला हसू आलं, हसताना बरगडी दुखली आणि त्यानं शिवी घातली.

"तुला भितो होय मी," तो म्हणाला. "तू एकवीस वर्षं माझ्या नावानं काढलीस. दोन-तीन मला काढू दे की माझी."

मॅडमनी बदलीचा फॉर्म धाकट्यापुढे ठेवला. त्यानं पेन उचललं, नावाच्या रकान्यावर टेकवलं, पण डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं होतं, अक्षर उमटेना. तेवढ्यात दार उघडलं. दोन पोलीस आत आले. पुढच्यानं हातातल्या कागदावर बघून नाव पुकारलं.

धाकटा ताडकन उठून उभा राहिला. "हजर," तो म्हणाला. रोज सकाळी सातला फाटकावर या नावाला त्यानं ओ दिलेली, तोंडातून शब्द गेल्यावरच त्याला कळलं. पोलिसानं त्याच्या खांद्याकडे हात नेला.

थोरल्यानं डाव्या हातानं तो हात बाजूला केला आणि धाकट्याला खुर्चीत परत दाबून बसवलं.

"बस खाली," तो म्हणाला. "माझं नाव आहे ते."

मग तो प्लॅस्टरचा हात सांभाळत उठला आणि त्या दोघांच्या मधून चालत बाहेर गेला.